गुठळी काढताना औषधाची चाचणी

प्रश्न : पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी काढताना नव्या औषधाचीही चाचणी घेतात. त्रास झाला तर दोष औषधाचा की शस्त्रक्रियेचा, हे कसं ठरवतात?

उत्तर : गुठळी सगळ्यांचीच काढतात. सलाइनमधून औषध जाणार की नुसतं द्रावण, हे मात्र चिठ्ठ्या टाकल्यागत ठरतं. डॉक्टरांनाही ते कळत नाही. मेंदूतला रक्तस्राव, मृत्यू दोन्ही गटांत मोजतात, ९० दिवसांनी रुग्ण स्वावलंबी आहे का हेही पाहतात. शस्त्रक्रिया दोन्हीकडे सारखीच, म्हणून औषधाच्या गटात त्रास ठळकपणे जास्त दिसला तर दोष औषधाचा.

खरी मेख औषधांच्या आपसांतल्या वैरात असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११०५ रुग्ण होते. मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठीच्या नेरिनेटाइड या औषधाचा वजनाच्या किलोमागे २.६ मिग्रॅ असा एकच डोस. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज मिळालेल्यांच्या रक्तात नेरिनेटाइड फारसं उरलंच नाही, कारण अल्टेप्लेजमुळे तयार होणारं प्लाझमिन हे विकर (एन्झाइम) नेरिनेटाइडचे तुकडे पाडतं. पुढच्या चाचणीत असे रुग्ण वगळले, तरी फायदा दिसला नाही.