उंदरांच्या पिल्लांवरचे निकाल आणि तुमचा पाचवा महिना

ताई, 'गरोदरपणी मोबाइल वापरला तर बाळाच्या मेंदूत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो' हा जाऊबाईंचा मेसेज अगदीच हवेतला नाही. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू शरीराच्या बचावापेक्षा जास्त होणं. तुर्कस्तानात असे बरेच प्रयोग झालेत. गाभण रॅटला रोज तासभर मोबाइलसारख्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींत ठेवायचं, पुढे पिल्लांच्या मेंदूत, किडनीत एमडीए आणि पेशींचा बचाव करणारं ग्लुटाथिओन मोजायचं. एमडीए वाढलेलं, ग्लुटाथिओन घटलेलं, असे निकाल अनेकदा आलेत.

एमडीए म्हणजे पेशींतली चरबी खवट झाली की उरणारा पदार्थ. ही चाचणी मी चार वर्षं केली आहे. नमुन्यात थायोबार्बिट्युरिक अॅसिड घालून तापवायचं, गुलाबी रंग येतो, तो ५३२ नॅनोमीटरला वाचायचा. पण हा गुलाबी रंग भारी लबाड! दुसऱ्या अल्डिहाइडांनीही चढतो, नमुना बाहेर राहिला तरी चढतो. एकदा दुपारी वीज गेली, फ्रीजर बंद पडला, आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या रॅटच्या नळ्याही गुलाबी झाल्या. आठवड्याचं काम बेसिनमध्ये ओतलं.

शिवाय एका आईची सहा पिल्लं म्हणजे सहा वेगळे पुरावे नव्हेत, पण कित्येक पेपरांत ती सुटी मोजलेली दिसतात. लहरी देण्यासाठी मादी पेटीत कोंडतात, त्या कोंडण्यानेही ताण येतोच. लहरी बंद ठेवून तशाच कोंडलेल्या माद्यांशी तुलना केली नसेल, तर मी तो पेपर बाजूला ठेवतो. आणि पाव किलोच्या रॅटची पिल्लं कातडीपासून जेमतेम बोटभर आत असतात. तुमचं बाळ पोटाची भिंत, गर्भाशय, गर्भजल एवढ्यांच्या आड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४च्या आढाव्यात या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या पुराव्याची खात्री बहुतेक ठिकाणी 'अतिशय कमी' ठरली. म्हणजे धोका सिद्ध नाही, आणि नाहीच असंही सिद्ध नाही.

माझी बायको गरोदर असताना आम्ही इतकंच केलं: फोन पोटावर ठेवायचा नाही, लांब बोलायचं तर इअरफोन. घाटात रेंज गेली की फोन जास्त जोर लावतो, तेव्हा तो पर्समध्ये.

तुम्ही घेतलेलं सातशे रुपयांचं अँटी-रेडिएशन स्टिकर मात्र परत करा. त्याने अँटेना खरंच झाकली, तर टॉवर गाठायला फोन उलट आणखी जोर लावेल.