घामाने सुटणारा सेन्सर

प्रश्न : माझ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. दंडावर लावलेला १४ दिवसांचा ग्लुकोज सेन्सर (त्वचेला चिकटवून सतत साखर मोजणारे छोटे उपकरण) उन्हाळवाहीच्या (उन्हाळ्यातील शेतमशागतीच्या) कामात घामाने लवकर सुटतो. काय करावे? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : दोष बहुधा घामाइतकाच लावण्यापूर्वीच्या तयारीत असतो. त्या दिवशी दंडाला तेल किंवा पावडर लावू नये. जागा साध्या साबणाने धुवून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, ती पूर्ण कोरडी झाल्यावरच, आणि शक्यतो कामाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सेन्सर लावावा, म्हणजे गोंदाला धरायला रात्र मिळते. दाट केस असल्यास ते आधी कापावेत. वरून सेन्सरसाठीची जादा चिकटपट्टी लावता येते, मात्र सेन्सरच्या मध्यावरील बारीक छिद्र झाकू नये. घट्ट बाहीचा सदरा टाळावा, कारण काढताना कडा उचलली जाते. झटपट चिकटणारा घरगुती गोंद मात्र त्वचेवर मुळीच वापरू नये, हा उपाय कोणी कितीही खात्रीने सांगितला तरी. खाज किंवा फोड आल्यास डॉक्टरांना दाखवावे. एकदा निघालेला सेन्सर पुन्हा बसवता येत नसल्याने ग्लुकोमीटर (बोटातील रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारे यंत्र) व त्याच्या चाचणी-पट्ट्या घरी ठेवाव्यात, त्याही उन्हापासून दूर.