बॉनेटखालचा पाइप बदलला, तरी पेट्रोलचा वास जात नाही?

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पेट्रोलचा वास येतो, बॉनेटखालचा पाइप बदलूनही फरक पडला नाही, आणि आता सगळीकडे तांब्याची नळी टाकली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत (जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) जिथे जिथे रबर आहे, ते सगळं एकदमच बदला. बॉनेटखालचा पाइप डोळ्यांसमोर असतो म्हणून तो बदलला जातो. टाकीच्या डोक्यावरचा वीतभर तुकडा बघायला टाकी उतरवावी लागते, म्हणून तो गाडीइतकाच जुना राहतो.

रबर बाहेरून चांगलं दिसतंय यावर जाऊ नका. माझी गाडी चढावर दम तोडायची. कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला, ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट बदलले, काही उपयोग नाही. शेवटी पंपाच्या आधीची नळी काढून ब्लेडने उभी चिरली. बाहेरून एक भेग नव्हती, पण आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. ओढ वाढली की ती जीभच वाट बंद करायची. आत बोट फिरवलं तर काजळ लागल्यासारखं काळं झालं. जुन्या नळ्यांचं रबर इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं. ते त्यात फुगतं, मऊ पडतं आणि गाडी उभी राहून सुकलं की तडकतं.

नवी नळी घेताना तिच्यावरचे छापील शब्द वाचा. ‘एसएई जे३०’ हे इंधनाच्या नळ्यांचं मानक आणि ‘आर’पुढचा आकडा नळीचा प्रकार. कार्ब्युरेटरच्या गाडीला ‘एसएई जे३० आर७’ दाबाच्या हिशेबाने पुरते, पण मी ‘आर९’च घालतो. तिचं अस्तर फ्लुओरो-रबरचं असतं, ते इथेनॉलला जास्त टिकतं आणि वासही कमी झिरपू देतं. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा असेल तर तिथे ‘आर१०’च लागते, कारण बाकीच्यांचं बाहेरचं आवरण बुडून राहण्यासाठी नसतं. माप कॅलिपरने घ्या. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ती नळी ६ मिमीच्या तोटीवर ढिली बसते आणि मग माणूस क्लिप आवळत सुटतो.

क्लिपचंही तेच. पट्टीला खाचा असलेल्या साध्या क्लिपा रबर कापतात. आतून गुळगुळीत, कडा वळवलेल्या घ्या.

आता तांबं. नको. सततच्या थरथरीने ते कडक होतं आणि एक दिवस तडकतं. मूळ लोखंडी नळी शाबूत असेल तर राहू द्या, फक्त चॅसीवरच्या क्लिपांखाली खरवडून बघा. पाणी तिथे धरून राहतं आणि गंज तिथूनच खातो. बदलायचीच असेल तर तांबं-निकेलची घ्या. ती गंजत नाही आणि हाताने वळते. मात्र जिथे रबर चढणार त्या टोकाला फ्लेअरिंग टूलने उंचवटा काढा, नाहीतर नळी घसरून निघेल. सायलेन्सरपासून लांब न्या, पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं, घाला.

काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, बॅटरी काढून. खड्ड्यात तर अजिबात नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते.

झाल्यावर नुसतं ठिबकतंय का एवढंच बघू नका. इंजिनवरचा पंप पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या आधीचा सांधा सैल असेल तर थेंब बाहेर येईलच असं नाही, हवा आत जाते आणि गाडी अडखळते. टाकी हलवल्यामुळे तळाचा गाळ उठतो, म्हणून पहिले काही आठवडे एक जादा फिल्टर डिकीत असू द्या.

आणि टाकी उतरलीच आहे तर फ्युएल गेजच्या सेंडरचं (टाकीत बसून पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) गॅस्केटही नवीन घाला. नळ्या सगळ्या बदलूनही वास राहिला, तर माझा पहिला संशय त्यावरच असेल.