दहावीनंतर डिप्लोमा घेतला, तर मुलगा ‘मोठा इंजिनिअर’ होणार नाही का?

बार्शीच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलाला दहावीत ७८ टक्के मिळाले. घरचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि तो तिथेच रमतो. त्याला पॉलिटेक्निकला जायचंय, पण नातेवाईक म्हणतात, ‘डिप्लोमा म्हणजे कमी शिक्षण, अकरावी सायन्सला घाला.’ बी.ई., बी.टेक., एम.टेक. यांत फरक काय, असंही त्यांनी विचारलंय.

नमस्कार,

आधी वर्षांचा हिशोब मांडू. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार मिळून सहा वर्षं. डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तर पदवीची तीन, तीही सहाच. पदवीही तीच. त्यामुळे मुलगा मागे पडेल ही भीती मनातून काढून टाका.

थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजांतही असे विद्यार्थी घेतात. मात्र जागा मर्यादित असतात, म्हणून चांगलं कॉलेज हवं असेल तर डिप्लोमाचे गुण पहिल्यापासून सांभाळावे लागतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आयआयटीचं बी.टेक. हेच त्याचं स्वप्न असेल, तर अकरावी-बारावी करून जेईई या प्रवेश परीक्षेची तयारी करणं योग्य. तिथे डिप्लोमावाल्यांना थेट दुसरं वर्ष मिळत नाही. पण पुढे इंजिनिअरिंगच्या पदवीवर गेट परीक्षा देऊन त्याच आयआयटीत एम.टेक.ला जाता येतं, आणि तिथे बारावी केली होती की डिप्लोमा हे आडवं येत नाही.

बी.ई. आणि बी.टेक. यांत नोकरीच्या किंवा पुढच्या शिक्षणाच्या दृष्टीने फरक नाही. विद्यापीठ जे नाव देईल ते. एम.ई. आणि एम.टेक. या पदव्युत्तर पदव्यांचंही तसंच. दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीईकडून, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडून, महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यावर पीएच.डी. असते. संशोधन किंवा प्राध्यापकी करायची असेल तर तिचा विचार पुढे करा, आज नको.

डिप्लोमावर थांबला तरी हात रिकामे नसतात. रेल्वेतली आणि केंद्रीय खात्यांतली कनिष्ठ अभियंत्याची बरीच पदं डिप्लोमावर भरली जातात. पण एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा किंवा यूपीएससीची तशीच केंद्रीय परीक्षा ईएसई द्यायची तर पदवी लागतेच. मला वाटतं, त्याने पदवीपर्यंत जावं.

मला खरी काळजी आहे ती गणिताची. डिप्लोमाला वर्कशॉप, ड्रॉइंग, प्रॅक्टिकल यांत ही मुलं चमकतात. मग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सत्राचं गणित, समोर येतं. बारावीच्या वाटेने आलेल्यांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं असतं, यांचं तेवढं पक्कं नसतं, आणि हुशार मुलांचाही विषय राहतो. यावर उपाय आहे. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षापासूनच कलन (कॅल्क्युलस) आणि मॅट्रिक्स रोज थोडं करायचं, आणि निकालानंतरच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक पूर्ण करायचं. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

गॅरेजमध्ये रमतो म्हणून मेकॅनिकलच, असं मात्र गृहीत धरू नका. सोलापूरच्या शासकीय पॉलिटेक्निकला त्याला घेऊन जा, तिथल्या मुलांशी त्याला एकट्याला बोलू द्या, इलेक्ट्रिकलचीही लॅब बघू द्या. शाखा त्याने निवडावी.

कागदांना उशीर करू नका. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेयर तहसीलमधून आताच काढायला टाका. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेच्या जागाही टाका. त्या जागांवर शिक्षण शुल्क माफ असतं.