शेळीचा मावा माणसाला झाला तर?

प्रश्न असा: शेळ्या-मेंढ्यांच्या ओठांवर फोड येऊन खपल्या धरतात, त्याला मावा म्हणतात. करडाला बाटलीने दूध पाजणाऱ्याच्या बोटावर तोच फोड उठला, तर त्याला 'शेळीदेवी' म्हणावे का?

नको. देवी हा शेळ्या-मेंढ्यांचा वेगळाच रोग आहे. त्यात ताप येतो, अंगभर पुरळ उठते, लहान पिल्ले दगावतात. पण तो माणसाला होत नाही. लम्पी त्याच विषाणूंच्या घराण्यातला, तोही माणसाला होत नाही. म्हणजे 'शेळीदेवी' म्हटले की नेमका न लागणारा रोग डोळ्यांसमोर येतो. इंग्रजीत ज्याला ऑर्फ म्हणतात तो आपला मावा. बोटावरच्या फोडालाही 'मावा' म्हणा. फार तर 'शेळीपासून झालेला मावा'. कपाशीवर मावा पडतो, मिठाईत मावा घालतात, टपरीवर तर मावा चोळूनच देतात, तरी संदर्भामुळे गोंधळ होत नाही.

म्हशीच्या सडांवरच्या देवीचे मात्र तसे नाही. ती धार काढणाऱ्याच्या हातावर खरोखर उठते, आणि तिथे 'देवी' हे नाव चपखल बसते. हा विषाणू देवीच्या लसीतल्या विषाणूचा अगदी जवळचा नातलग. १९३४ साली लाहोरमध्ये त्याची पहिली नोंद झाली. पुढे महाराष्ट्रातही त्याच्या साथी आल्या.

'लस' शब्दाचे मूळही अशाच फोडात आहे. जखमेतून पाझरणारे चिकट पाणी म्हणजे लस. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या, त्या हिंदुस्थानातल्या पहिल्या. तिच्या हातावरच्या फोडातली लस काढून पुढे इतर मुलांना टोचली. आज तोंडावाटे पाजतात त्या पोलिओच्या थेंबांनाही आपण लसच म्हणतो!

मावा बोटावर साधारण सहा आठवड्यांत आपोआप बरा होतो. प्रतिजैविकांचा विषाणूवर उपयोग नाही, आणि गळू समजून तो कापणे तर अगदीच चुकीचे. म्हणून डॉक्टरांना 'गोठ्यात मावा आहे' एवढे जरूर सांगावे.

गायीच्या सडांवरूनही हुबेहूब असाच फोड हाताला होतो. विषाणू माव्याचा भाऊबंद, पण जनावर वेगळे, म्हणून तिथे 'मावा' ओढूनताणून लावू नये. मी त्याला 'धारेची गाठ' म्हणेन.