कपाटावरचा डबा

प्रश्न : गेल्या वर्षी अतिदक्षता विभागात असताना माझ्या थोरल्या भावाचे हृदय काही मिनिटे बंद पडले होते. शुद्धीवर आल्यावर दादाने सांगितले, की छताजवळून तो स्वतःकडे पाहत होता, औषधांच्या कपाटावर कुणीतरी ठेवलेला स्टीलचा डबा त्याला दिसला आणि मग तलावपाळीच्या पायरीवर, लख्ख उजेडात, आमची दिवंगत आई बसलेली दिसली. डॉक्टरकी शिकणारी माझी मुलगी म्हणते, हा प्राणवायू कमी पडल्यामुळे झालेला भास. दादा म्हणतो, ते जागेपणापेक्षा खरे होते. कोणाचे मानावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दादांना अनुभव आला, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण त्यात जे दिसले ते बाहेर होते का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि ‘खरे’ या एकाच शब्दात आपण दोन्ही कोंबतो. बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोटे ठरेपर्यंत, ज्ञान स्वतःच प्रमाण असते, असे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानातले मीमांसक म्हणतात. त्याचे प्रामाण्य, म्हणजे खरेपण, बाहेरून पडताळावे लागते, असे न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणतात. इथे माझा कल नैयायिकांकडे आहे, कारण अनुभव कितीही उत्कट असला तरी उत्कटता हा पुरावा नव्हे. स्वित्झर्लंडमधील मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांनी 2002 मध्ये नोंदवले, की मेंदूच्या एका ठरावीक भागाला विजेने चेतना दिल्यावर एका रुग्ण स्त्रीला आपण वर तरंगत स्वतःला पाहत आहोत असे वाटले.

तरीही मुलीचे उत्तर अपुरे आहे. मेंदूत काही घडले एवढ्यावरून भास ठरत नाही. समोरचा आंबा पाहतानाही मेंदूत काही घडतेच. शिवाय हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी 2001 मध्ये नेदरलँड्समधील ज्या 344 रुग्णांचा अभ्यास मांडला, त्या सर्वांचे हृदय थांबले होते, पण असा अनुभव सांगितला 62 जणांनीच. केवळ प्राणवायूची कमतरता पुरेशी असती, तर बाकीचे कोरे का राहिले?

आईच्या दर्शनाबाबत मात्र मी सावध राहीन. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलेल्या, मृत्यूच्या दारातून परतलेल्या भारतीयांच्या अनुभवांत यमदूत चुकीच्या माणसाला नेतात आणि चूक कळल्यावर परत पाठवतात. पाश्चात्त्य कथनांत हा घोटाळा सहसा आढळत नाही. तलावपाळीही एखाद्या डच रुग्णाला दिसली नसती. निदान दृश्याचे तपशील तरी ज्याने त्याने घरूनच नेलेले असतात.

उरतो डबा. डॉक्टर सॅम पार्निया यांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णालयांत उंच फळ्यांवर, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली होती. पण हृदय थांबलेल्या काळातले पाहिले-ऐकलेले स्पष्ट आठवणारे दोनच रुग्ण निघाले आणि दोघांचेही हृदय फळी नसलेल्या जागी थांबले होते. म्हणजे परीक्षा झालीच नाही. आपल्याकडेही त्या दिवशी स्टुलावर चढून कपाटाचा माथा कोणी पाहिला होता का? नसेल, तर दादांनी डब्याचा उल्लेख प्रथम कोणापाशी आणि कधी केला, आणि पलंगावर येण्याजाण्याच्या वेळी तो खालून दिसण्याजोगा होता का, एवढे तरी त्या वेळच्या परिचारिकेला विचारून पाहावे.