'फाशी द्या'च्या निवेदनावर मी सही करू का?

"ताई, माझ्या मावसबहिणीचा खून झाला, ओळखीच्याच मुलाने केला. तो आत आहे, चार्जशीट दाखल झालीय. आता गावात मोर्चा आहे, 'नराधमाला फाशी द्या' असं निवेदन कलेक्टरला द्यायचंय, आणि घरातली शिकलेली म्हणून भाषण मी करायचं असं सगळ्यांनी ठरवलंय. मला फाशी पटत नाही, कॉलेजपासूनच पटत नाही. मामेभावाला हे बोलले तर म्हणाला, सख्खी बहीण असती तर कळलं असतं तुला. मावशी अजून तिच्या मोबाईलला रिचार्ज मारते ताई. मी गद्दार आहे का?"

अगं पोरी, गद्दार कसली. फाशी नको म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, 'तुझ्या घरात झालं असतं तर?' आणि तुझ्या तर घरातच झालंय, तरी तुला पटत नाहीये, मग आता कुणाला काय सिद्ध करून दाखवायचं राहिलंय? मामेभावावरही चिडू नकोस मात्र. अशी बातमी वाचली की माझ्याही तोंडातून आधी 'टांगा मेल्याला' हेच निघतं, आणि तरी मी फाशीच्या विरोधातच आहे, दोन्ही एकाच डोक्यात नांदतं.

माझं मत पक्कं झालं ते नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या एका केसमुळे. एकाच कुटुंबातले पाच जण मारले, बलात्कार केले, ऐकवत नाही असा प्रकार. भटक्या जमातीतले सहा गरीब लोक पकडले. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, तर 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाच्या सहा जणांना फाशी सुनावली. आणि 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं! वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते, त्यांचा तपासच कुणी केला नव्हता. सोळा वर्षं आत काढली त्या लोकांनी, वर सरकारने प्रत्येकी 5 लाख द्यावेत असा आदेश झाला. मधल्या काळात कुणी घाई केली असती तर ते पाच लाख कुणाच्या हातात ठेवले असते, सांग. आणि ज्यांनी खरंच केलं ते गेले कुठे, हे तर त्या कुटुंबाला आजही माहीत नाही.

तू म्हणशील आमच्या केसमध्ये तोच आहे, शंभर टक्के. असेलही. पण तरी मावशीचा विचार कर. तिला वाटतंय फाशी झाली की आपण सुटलो. सेशन कोर्टाने फाशी दिली तरी ती हायकोर्टाने कायम करावी लागते, मग सुप्रीम कोर्ट, मग फेरविचार, मग राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, आणि प्रत्येक टप्प्याला टीव्हीवाले दारात, पुन्हा पोरीचा तोच फोटो. कोल्हापूरच्या गावित बहिणींची केस आठवते ना, लहान मुलं पळवून मारली त्यांनी. 2001 ला फाशी, 2006 ला सुप्रीम कोर्टाने कायम केली, दयेचा अर्ज निकाली निघायला 2014 उजाडलं, आणि 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाने सरकारी दिरंगाईवर बोट ठेवून ती जन्मठेपेवर आणली. एकवीस वर्षं त्या मुलांच्या आयांनी वाट बघितली, कशाची?

आणि फाशी नको म्हणजे त्याला चार वर्षांत सोडा असं नाही, हे मामेभावाला नीट सांग. मुंबईच्या शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराच्या केसमध्ये हायकोर्टाने 2021 ला फाशी काढली पण मरेपर्यंत जेल दिली, पॅरोल नाही, फर्लो नाही, म्हणजे मधे सुट्टीवरही बाहेर नाही. कोर्टाचं म्हणणं होतं की मेला की पश्चात्तापच संपला. मला हे पटतं. बसू दे आत, रोज उठून आठवू दे.

आता सही. निवेदनात 'फाशी' असेल तर करू नकोस, भाषणही करू नकोस, पण मावशीच्या ओसरीवर बसून फाशीविरोधी व्याख्यानही देऊ नकोस ग बाई, ती काय वक्तृत्व स्पर्धा नाही. निवेदन लिहायला तूच घे. केस फास्ट ट्रॅकवर चालवा, विशेष सरकारी वकील द्या, साक्षीदारांना संरक्षण द्या, एवढं लिही आणि त्याखाली पहिली सही तू कर. खरं सांगू, खुनाच्या केसमध्ये जन्मठेप हा नियम आणि फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ केसला, हे सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच ठरवलंय, मोर्चा केवढा निघाला ते बघून जज शिक्षा देत नसतो. केस पडते ती साक्षीदार फितूर झाले, पंच फुटले, की. मोर्चाला गाव लोटतं, तिसऱ्या तारखेला कोर्टात कुत्रं फिरकत नाही. तेव्हा तू जा. सरकारी वकिलांना भेट, वही घाल, तारखा लिहून ठेव. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, तो मावशीसाठी तूच भर, तिला आत्ता ते सुचणार नाही.

मावशीने स्वतःहून विचारलं, तुला काय वाटतं ग, तर मात्र खोटं बोलू नकोस. दोन वाक्यांत सांग आणि गप्प बस, ती रडेल, चिडेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही. तू तारखेला जात राहा. आणि रिचार्जबद्दल तिला कुणी काही बोलत असेल तर आधी त्यांना गप्प कर.